बिनगुळाचं पुरण

सुट्टीला निघायच्या आधी मी घरात एकच अट घातली होती. सात दिवस मी काही रांधणार नाही, काही वाढणार नाही आणि "आज काय करायचं?" हा प्रश्न मला कुणी विचारणार नाही. समुद्राकाठी टेबल असेल, त्यावर पांढरा टेबलक्लॉथ असेल, तिसऱ्याच कुणीतरी केलेला स्वयंपाक समोर येईल आणि तो मी गरम असतानाच जेवेन. यातले 'गरम असतानाच' हे शब्द महत्त्वाचे. तव्यावरून थेट माझ्या पानात पोळी पडली असा शेवटचा प्रसंग मला आठवतो तो केळवणाचा. त्याला आता चौदा वर्षं होतील.

मॉरिशस ठरलं ते नवऱ्याच्या मोबाइलवरच्या एका फोटोमुळे. निळंशार पाणी, पांढरी वाळू, एक झुकलेला माड आणि माणूस औषधालाही नाही. त्या निर्मनुष्य फोटोत आम्ही पाच जणांनी घुसायचं ठरवलं. मुंबईहून सहा-एक तासांचं विमान, भारतीयांना आधी व्हिसा काढायची कटकट नाही, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, आणि पैसेसुद्धा रुपयेच. एवढं ऐकल्यावर नाना म्हणाले, "मग त्याला परदेश का म्हणायचं?"

नाना म्हणजे माझे सासरे. ऑडिट खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण ऑडिट काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. प्रवासासाठी त्यांनी एक दोनशे पानी वही घेतली, पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली आणि डावीकडे लिहिलं 'दावा', उजवीकडे 'प्रत्यक्षात'. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, वही घेतली नाही. त्यांनी दशम्या घेतल्या, चिवडा घेतला, मेतकूट घेतलं आणि पाव किलोचा गुळाचा खडा स्टीलच्या डब्यात घालून घेतला. "उन्हाचं गूळपाणी लागतं," असं त्यांचं म्हणणं. आई शुद्ध शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, हे त्या नुसत्या वासावरून सांगतात आणि 'नाही' असं त्यांनी आजवर कधी सांगितलेलं नाही. चिरंजीव वय वर्षं अकरा. ते जगातल्या कुठल्याही देशात फक्त नूडल्स खातात. मी माहेरची मासे खाणारी. सासरी आल्यापासून माझं मत्स्यप्रेम बाहेरगावी आणि चोरून चालतं. तेव्हा बेट म्हटल्यावर माझ्या मनात काय चाललं असेल ते ओळखा.

पहिला घोटाळा पैशांनी केला. तिथला रुपया नावाने रुपयाच, नोटेवर देवनागरीत लिहिलेलंही असतं, त्यामुळे माणूस गाफील राहतो. प्रत्यक्षात तो तेव्हा आपल्या रुपयाच्या पावणेदोनच्या पुढे आणि दोनच्या आत कुठेतरी होता. नानांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं तोंडपाठ; पण पावणेदोनकी नावाचा पाढा त्यांच्या शाळेत कुणी शिकवलेला नव्हता. विमानतळावर पाण्याची बाटली हातात धरून ते इतका वेळ ओठ हलवत उभे राहिले की दुकानातल्या मुलीला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. शेवटी आईंनी सोडवलं. "सरळ दुप्पट करायचं. महाग वाटलं की घ्यायचं नाही." या हिशोबाने पुढचे सात दिवस मॉरिशसमध्ये काहीच परवडलं नाही.

दुसरा घोटाळा प्रत्यक्ष सूर्यनारायणाने केला. हॉटेलात खोली घेताना नानांनी हट्टाने उत्तरेकडची बाल्कनी मागून घेतली होती. "उत्तरेला ऊन येत नाही, दुपारी पेपर वाचत बसता येईल." दुपारी बारा वाजता ते पेपर घेऊन बाहेर गेले आणि सव्वाबाराला टोमॅटो होऊन आत आले. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, जवळजवळ मकरवृत्ताजवळ. आम्ही गेलो मे महिन्यात, म्हणजे त्यांच्याकडे थंडी सुरू होताना. त्या दिवसांत सूर्य उगवतो पूर्वेला, मावळतो पश्चिमेला, पण जाताना जातो उत्तरेच्या अंगाने. चिरंजीवांनी हे मोबाइलमधलं होकायंत्र दाखवून सिद्ध केलं. नानांनी वहीत डावीकडे लिहिलं 'उत्तर' आणि उजवीकडे बराच वेळ काही लिहिलंच नाही.

आमच्या हॉटेलात सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यातच होतं. दुपारचं जेवण ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे माझ्या त्या पांढऱ्या टेबलक्लॉथला सात दुपारी मिळणार होत्या. रात्रीच्या बुफेबद्दल मी फार बोलणार नाही. बुफे म्हणजे काय, तर प्रत्येकाचं पान मीच भरून आणते, फक्त भांडी परक्याची.

फिरायला आम्ही एक व्हॅन ठरवली होती. ड्रायव्हर चाळिशीचा, हसरा. पहिल्याच दिवशी त्याने नानांना 'तोंतों' आणि आईंना 'मातांत' अशी हाक मारली. हे तिथल्या क्रिओल भाषेतलं काका-काकू. आईंना ते 'माताजी'सारखं काहीतरी ऐकू आलं आणि त्यांनी तिथल्या तिथे त्याला चांगल्या वळणाचा ठरवून टाकलं. आम्ही आपसात मराठीत भांडतोय हे ऐकून त्याने गाडीचा वेग कमी केला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी पण मराठी!" पुढचं वाक्य मात्र त्याला येईना. त्याच्याकडे मराठी एवढीच उरली होती. ती तीन शब्दांची, आजीकडून आलेली एक आरती आणि घरचा गणपती. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, हे त्याने आम्हाला अशा थाटात सांगितलं की जणू ती त्याच्याच घरून मंजूर झाली आहे. बाकी संभाषण हिंदी सिनेमातली हिंदी, तुटकं इंग्रजी आणि 'कोरेक' या शब्दावर चाललं. कोरेक म्हणजे ठीक, बरोबर, झालं, चला, हरकत नाही.

"आधी खाऊन घ्या," म्हणत त्याने समुद्राजवळ एका गाडीवाल्यापाशी व्हॅन थांबवली आणि बोटं दाखवत म्हणाला, "एन पेर, एन पेर, एन पेर." पेर म्हणजे जोडी. तिथे दालपुरी एक मिळत नाही, जोडीनेच मिळते. मधे घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची रसभाजी, टोमॅटोचं रुगाय, लोणचं आणि मिरची, वर कागद गुंडाळलेला. पिवळी, मऊ, पातळ, काठापर्यंत पुरण गेलेली ती पोळी बघून आईंचा चेहरा असा उजळला की बस. परदेशात पहिल्याच दिवशी पुरणपोळी! मिरचीबिरची बाजूला काढून त्यांनी मोठा घास घेतला. मग चावायच्या थांबल्या.

"गूळ घालायला विसरलाय हा."

विसरला नव्हता. आत पिवळ्या वाटाण्याची डाळ, हळद, जिरं आणि मीठ. बिहारकडच्या माणसांनी आणलेली ती दालपुरी, तिला गुळाशी कर्तव्य नाही. पण आईंना ते काही केल्या पटेना. पोळी आपली, रंग आपला, पोत आपला. गूळ नाही म्हणजे कुणाची तरी चूक. त्यातून गाडीच्या मागे नजर जाईल तिथवर उभा ऊस. "एवढा ऊस लावलाय आणि पुरणाला चिमूटभर गूळ नाही," हे वाक्य त्या पुढे रोज, दोन ऊसमळ्यांआड एकदा, म्हणत राहिल्या. मी सगळ्यांच्या हातात जोड्या पोचवून, चिरंजीवांच्या पोळीतली भाजी काढून, आईंची मिरची माझ्याकडे घेऊन, शेवटी माझी जोडी खाल्ली तेव्हा ती अर्थातच गार होती.

दुसऱ्या दिवशी गंगा तलाव आणि शामारेल. सूर्याच्या देशात आलोय म्हणून आम्ही सगळे सुती कपड्यांत. गंगा तलाव साधारण अठराशे फुटांवर, एका जुन्या ज्वालामुखीच्या विवरात आहे. तिथे पोचलो तर धुकं, वर भुरभुर पाऊस, आणि आम्ही पाच जण एका ओढणीत. महाशिवरात्रीला इथे बेटभरातून लोक कावडी घेऊन चालत येतात. वाटेवर मंगल महादेवाची उभी मूर्ती आहे, १०८ फुटांची. धुक्यात आम्हाला पावलं दिसली, गुडघे दिसले, हात जोडेपर्यंत गुडघेही गेले. नानांच्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: "दावा १०८ फूट. प्रत्यक्षात अंदाजे ४०. उर्वरित ६८ फूट पडताळणीसाठी उपलब्ध होऊ शकले नाहीत." आईंनी ते वाचून दोनदा गालावर मारून घेतलं, स्वतःच्या.

शामारेलची सात रंगांची माती हा तर साक्षात ऑडिटचाच विषय. लाव्हाचा काळा बसाल्ट झिजत झिजत त्याची माती झाली, लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली आणि त्यांनी टेकड्यांना लाल, तपकिरी, जांभळट, पिवळट असे पट्टे दिले. आत कुणाला पाय टाकू देत नाहीत, कडेच्या कठड्यावरूनच बघायचं. नजारा खरंच विलक्षण आहे. पण 'सात' हा आकडा पाटीवर असल्यावर नाना नजारा बघतील होय? त्यांनी मोजले चार. नवऱ्याने पाच. चिरंजीवांनी सातच्या सात मोजले, पण मोबाइलमध्ये फिल्टर लावून. आईंनी विषय साडीच्या दुकानात नेला. "तपकिरीच्या तीन छटा दाखवून तीन रंग म्हणणारा दुकानदार मी कधी उभा केला नाही." मग कुणीतरी म्हणालं, ऊन पडलं की रंग खुलतात. झालं. ढग सरायची वाट बघत आम्ही पाऊण तास कठड्याला टेकून उभे. ऊन पडलं, नानांनी पुन्हा मोजले. साडेचार.

या अर्ध्या रंगाने माझं जेवण खाल्लं. डोंगरउतारावर एक रेस्टॉरंट होतं, खाली दूरवर समुद्र, टेबलावर पांढरे टेबलक्लॉथ. मी खुर्ची ओढून बसलेसुद्धा. तेवढ्यात वेटर अतिशय आदबीने येऊन म्हणाला की स्वयंपाकघर अडीचला बंद झालं, आता साडेसहाला उघडेल. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. आपल्याकडे स्वयंपाकघर बंद होतं ही कल्पनाच माझ्या डोक्यात कधी आलेली नव्हती. क्षणभर राग येण्याऐवजी मला त्या आतल्या आचाऱ्याचा हेवा वाटला. अडीचला बंद! आणि कुणी दार वाजवत नाही!

व्हॅनमध्ये बसून आम्ही चिवडा खाल्ला. तो चिवडा मीच केलेला होता, निघायच्या आदल्या रात्री, बारा वाजेपर्यंत जागून.

तिसऱ्या दिवशी बोटीने इल ओ सेर. नावाचा अर्थ हरणांचं बेट. नाना उतरल्यापासून झाडीत डोकावत होते. मॉरिशसमध्ये हरणं डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून आणली, पण या बेटावर आता एकही नाही. आक्षेप नोंदवला गेला. पाणी मात्र फोटोतल्यासारखंच होतं. बेटाला प्रवाळाचा कठडा आहे, लाटा दूरवर त्याच्यावरच फुटतात आणि आत किनाऱ्याशी कमरेइतकं शांत, हिरवट निळं पाणी. तळाशी समुद्री साळिंदरं असतात, म्हणून रबरी बूट घालून उतरायचं. आई पाचवारी आणि रबरी बूट अशा वेषात गुडघाभर पाण्यात तासभर उभ्या होत्या आणि इतक्या खूश होत्या की मला त्यांचा पहिल्यांदा हेवा वाटला. जेवायला जाळीवर भाजलेलं सगळं. मासे, कोंबडी, शेवंडं आणि त्याच जाळीच्या कोपऱ्यात आईंसाठी दोन वांग्याचे काप. "एकाच जाळीवर?" आईंनी विचारलं. दशम्या निघाल्या. मी माझा मासा पानात घेऊन आईंना दशमीबरोबर दही कुठे मिळेल ते शोधायला गेले आणि दही घेऊन आले तोवर माशाचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्या दिवसाची खरी कमाई म्हणजे किनाऱ्यावरचा अननस. छोटा, गोड, देठाला धरून खायचा, गोलगोल खाचा पाडून त्यात मीठ, मिरची आणि चिंच भरलेली. "हे यांना येतं," आई म्हणाल्या. एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला चौदा वर्षांत मिळालेलं नाही.

मग राजधानी, पोर्ट लुई. मॉरिशसला जाऊन लोक समुद्र बघतात. आम्ही दोन तिकिटं बघितली. पोस्टाची. १८४७ सालची, राणी व्हिक्टोरियाच्या तोंडाची, एक लाल-केशरी एका पेनीचं आणि एक निळं दोन पेन्सचं. जगात फारच थोडी उरली आहेत, आणि बंदराजवळच्या ब्लू पेनी म्युझियममधली ही जोडी मॉरिशसच्याच कंपन्यांनी एकत्र येऊन १९९३ मध्ये लिलावात विकत घेऊन मायदेशी आणली. उजेडाने शाई उडते म्हणून खऱ्या तिकिटांवर दर तासाला जेमतेम दहा मिनिटं दिवा लावतात. एरवी प्रतिकृती बघायच्या. हे आम्हाला कळलं तेव्हा ती दहा मिनिटं संपून दोन मिनिटं झाली होती. प्रतिकृतीवर नानांचं कसं भागणार? "झेरॉक्सवर मी आयुष्यात सही केली नाही." म्हणून जवळजवळ पन्नास मिनिटं थांबलो. दिवा लागला. खोलीत एकदम देवळासारखी शांतता. नानांनी चष्मा पुसला, पुढे वाकले, नखाएवढ्या त्या दोन कागदांकडे दहा मिनिटं बघत राहिले. दिवा विझल्यावर म्हणाले, "आहेत." संपूर्ण प्रवासातला हा पहिला विनाआक्षेप शेरा.

तिथून जवळच आप्रवासी घाट. १८३४ च्या नोव्हेंबरात 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर आले, आणि पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करार करून, गिरमिटावर अंगठा उठवून या बंदरात आली. उसासाठीच. बहुतेक बिहारकडची, दक्षिणेकडची. मुंबई बंदरातून निघालेली आपल्या कोकणातलीही. बोटीतून उतरून वर यायच्या दगडी पायऱ्या अजून आहेत. ड्रायव्हर तिथे आला आणि काही बोलला नाही. चपला मात्र त्याने काढून ठेवल्या होत्या. शामारेलचे रंग मोजणारे, हॉटेलच्या जिन्याच्या पायऱ्या मोजणारे, जेवणात पापड किती आले ते मोजणारे नाना त्या पायऱ्यांसमोर उभे होते. मी वाट बघत होते. त्यांनी मोजल्या नाहीत. वहीत त्या पानावर फक्त तारीख आहे.

ऊसमळ्यांमधून जाताना मधेच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. जमीन साफ करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. ते याआधीही दिसले होते. त्या संध्याकाळी आईंनी उसावरून गुळाचा विषय काढला नाही.

तरी पोर्ट लुईच्या बाजारातला एक किस्सा सांगायलाच हवा. ड्रायव्हरने नाश्त्याला 'गातो पिमां' खायचं सुचवलं. "कोण गातो?" आईंनी विचारलं. गातो म्हणजे केक, पिमां म्हणजे मिरची, मिरचीचा केक, असं त्याने समजावलं. केक म्हटल्यावर आईंचं नाक वर गेलं. कागदाच्या पुडीत आले ते मात्र चक्क डाळवडे. भरड वाटलेली डाळ, मिरची, कांद्याची पात, तळून लालबुंद. वर ते लोक हे वडे पाव चिरून, लोणी लावून, त्यात दाबून खातात! हजारो मैलांवर, मधे अख्खा समुद्र टाकून, कुणालाही न विचारता या माणसांनी वडापाव काढला होता. नवऱ्याचे डोळे भरून आले. मिरचीने असतील. वर अलुदा घेतला. सब्जा आणि अगर-अगर घातलेलं गार दूध, म्हणजे आपल्या फालुद्याचा सख्खा भाऊ. नानांनी नोंद केली: "केक. प्रत्यक्षात वडा. आक्षेप नाही. आणखी दोन घ्यावेत."

सहाव्या दिवशी मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं की आज काहीही पाहायचं नाही. आज जेवायचं. नैऋत्येच्या टोकाला ल मॉर्नच्या डोंगराजवळ समुद्रात पाण्याखालचा धबधबा दिसतो, तो फक्त हेलिकॉप्टरमधून, आणि तो धबधबा नसून वाहत्या वाळूने झालेला दृष्टिभ्रम आहे, असं ड्रायव्हरने सांगितल्यावर नाना ताडकन उठून बसले होते. त्यांना मी त्याचं पोस्टकार्ड घेऊन दिलं आणि बाराच्या ठोक्याला सगळ्यांना समुद्राकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये नेऊन बसवलं. पांढरा टेबलक्लॉथ. खरा, कापडाचा, इस्त्रीचा. वारा, पाणी, वर छत्री. मेन्यू फ्रेंचमध्ये.

चिरंजीवांना मिन फ्री मिळाले, म्हणजे चिनी पद्धतीचे परतलेले नूडल्स. तो प्रश्न सुटला. आईंसाठी वेटरने शाकाहारी म्हणून 'करोडपतीची कोशिंबीर' सुचवली. खरंच तसं नाव आहे, मूळचं 'मिलियनेअर सॅलड'. लाखाचं करोड आम्ही केलं, दुप्पट करायची सवय लागली होती ना. पांढरे, कोवळे, पातळ काप आले. आईंना आवडले. भाजी कसली म्हणून विचारलं तर वेटर कौतुकाने सांगू लागला की हा पामच्या झाडाचा गाभा, झाड वाढायला काही वर्षं लागतात, गाभा काढला की झाड संपलं. आईंनी काटा खाली ठेवला. "एका कोशिंबिरीपायी अख्खं झाड तोडलंत?" वेटर हसला. त्याला वाटलं, त्या प्रभावित झाल्या. मग आईंनी निर्णय दिला की झाडाचा जीव तर गेलाच आहे, निदान वाया तरी जायला नको, आणि ते गाभ्याचे काप मोजून पाच जणांना वाटायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी माझ्यासाठी माशाचं विंदाय मागवलं होतं. हळद, मोहरी, लसूण, व्हिनेगर. ड्रायव्हर दोन दिवस त्याच्याबद्दल बोलत होता. झाड वाटून झाल्यावर मी भीत भीत माझ्या थाळीला हात लावला. गार. पण म्हणजे अगदीच गार, मी उशीर करून होईल त्याहून कितीतरी जास्त. वेटरला बोलावलं. तो म्हणाला, "मादाम, विंदाय असंच असतं. आदल्या दिवशी करायचं, मुरू द्यायचं आणि गार खायचं."

इतकं चविष्ट होतं की रडूही येईना.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर ड्रायव्हरने शेवटची दालपुरी खायला थांबवलं. या वेळी गाडीवर एक मावशी होत्या. मोठा तवा, बाजूला कापडाखाली लाट्यांची रास. बाकी चौघं सामान मोजत व्हॅनमध्ये होते, नाना प्रत्येक बॅगेचं नाव घेत होते. मी एकटीच उतरले. मावशींनी तव्यावरची पोळी उलथली, तिच्यावर दुसरी ठेवली, भाजी घातली, "पिमां?" असं विचारलं, मी "तिगित," म्हणजे थोडी, म्हटलं, आणि ती जोडी त्यांनी थेट माझ्या हातात दिली. कागदातून बोटं भाजत होती. आजूबाजूला टेबल नव्हतं, टेबलक्लॉथ नव्हता, समुद्रही नव्हता. रस्ता, ऊस आणि एक बसथांबा. वाढायला कुणी नव्हतं. मी तिथेच उभी राहून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत, दोन्ही पोळ्या संपवल्या. जीभ पोळली. अजून आठवते.

तेवढ्यात आई उतरल्या. हातात स्टीलचा डबा. "हा गूळ तिकडे परत न्यायचा का?" म्हणत त्यांनी मावशींकडून एक कोरी पोळी मागितली. भाजी नको, मिरची नको, हे हातवाऱ्यांनी सांगितलं. बत्त्याऐवजी पाण्याच्या बाटलीच्या बुडाने गूळ ठेचला, गरम पोळीवर पसरला, घडी घातली, दोन तुकडे केले. एक स्वतः खाल्ला आणि डोळे मिटले. दुसरा मावशींपुढे धरला. सात दिवस साठवलेलं सगळं त्या एका हातात होतं. बघा, असं करतात.

मावशींनी तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, नानांनी व्हॅनच्या खिडकीतून वही उघडली होती. मावशी मान डोलावत ड्रायव्हरला क्रिओलमध्ये काहीतरी बोलल्या. तो हसायला लागला.

"काय म्हणते?" आईंनी विचारलं.

"छान आहे म्हणते, मातांत. फक्त मिरची घालायला विसरलात."